चुकीचा तालुका न छापणारे चाचा

आपण या देशात नेमके कुठे उभे आहोत, हे पक्कं ठाऊक असलेला एकच माणूस मला आजवर भेटला आहे. खासदारांना ते ठाऊक नव्हतं, दिल्लीहून पाहणीला येणाऱ्या साहेबांना नव्हतं, आमच्या शेतकऱ्यांच्या संघटनेच्या पुढाऱ्यांना नव्हतं, आणि दर आठवड्याला एक जळजळीत पत्रक लिहिणाऱ्या मला तर अजिबातच नव्हतं. ठाऊक होतं ते फक्त आमच्या छापखानेवाल्या चाचांना. अकोल्याच्या जुन्या वस्तीत त्यांचा बारा बाय दहाचा छापखाना होता. त्यात पायानं चालवायचं एक ट्रेडल मशीन, एक कुरकुरणारा पंखा आणि चाचा. मशीन आणि पंखा मिळून जेवढा आवाज करत, त्याहून जास्त चाचा एकटे करत, आणि त्यातला बराचसा तालुक्यांवरून असे.

ती दोन हजार सालानंतरची वर्षं होती. वऱ्हाड रोज पेपराच्या पहिल्या पानावर असायचं. सुखाच्या बातमीसाठी कोणी कोणाला पहिलं पान देत नाही, हे सांगायला नकोच. मी अमरावतीहून पदवी घेऊन, होस्टेलच्या भिंती घोषणांनी रंगवून नुकतीच अकोल्याला परतले होते. मला क्यूबा नकाशात डोळे मिटून दाखवता येत होतं. माझं पहिलं पत्रक घेऊन मी चाचांकडे गेले, तेव्हा त्यांनी ते वाचलंच नाही. चष्म्यावरून माझ्याकडे पाहून एवढंच विचारलं, "कोन्या जिल्ह्याची वं तू, पोरी?"

"अकोला."

"मंग सांग बरं सात तालुके."

मी सांगायला लागले. अकोला, अकोट, बाळापूर, मूर्तिजापूर, पातूर. पातूरला येऊन गाडी अडली. कारंजा म्हटलं, शेगाव म्हटलं. चाचांनी कानाला हात लावले. "कारंजा वाशीमले गेलं. शेगाव तुह्यं कधी नव्हतंच, ते बुलडाण्याचं. अन् तेल्हारा, बार्शीटाकळी कोन सांगन? त्याईनं काय पाप केलं?" माझ्यासाठी मागवलेला चहा तेवढ्यात आला होता. त्यातला अर्धा त्यांनी शांतपणे स्वतःच्या कपात ओतला. पाच तालुके येणाऱ्याला अर्धाच कप, असा तिथला नियम होता. पूर्ण चहा प्यायला मला पुढे तीन फेऱ्या लागल्या. आमच्या संघटनेचे जिल्हाध्यक्ष शेवटपर्यंत अर्ध्यावरच राहिले, आणि एकदा तर नुसती बशी घेऊन बसले होते.

चाचांच्या मागच्या भिंतीला चौकोनी खणांचं एक लाकडी कपाट होतं, आणि प्रत्येक खणाला एका तालुक्याचं नाव होतं. गिऱ्हाईक ज्या तालुक्याचं, त्याचे कागद त्या खणात. इथवर समजण्यासारखं आहे. पण चाचांच्या बाकीच्या वस्तूही तालुक्यांतच राहत. "कात्री कुठे आहे?" असं विचारलं की उत्तर यायचं, "तेल्हाऱ्यात पाय." चहाचे ग्लास बाळापुरात असत, खळीची वाटी अकोटात, आणि छापखान्याची किल्ली मूर्तिजापुरात. नवं गिऱ्हाईक असलं की घाबरायचं. एक लग्नाची पत्रिका छापायला आलेला बाप, "तुमचं प्रूफ धारणीत पडलं हाय," हे ऐकून म्हणाला, "मंग आज तं नाही येत ते, गाडीच नाही." वाशीम जिल्हा वेगळा झाला त्या दिवशी चाचांनी म्हणे दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं होतं. वाशीमचे सहा खण त्यांनी करवतीनं कापून वेगळे केले, समोरच्या भिंतीवर टांगले, आणि मधून वाट सोडली. मी विचारलं, "एवढं कशाला, चाचा? खण तिथेच राहिले असते तरी चाललं असतं." चाचा म्हणाले, "बापानं वाटणी केली का भाऊ येगळ्या चुलीवर जेवतेच नं? मंग?"

त्यांच्या या हट्टामागे अनुभव होता. पत्रिकेवर ते तालुका आणि जिल्हा छापल्याशिवाय राहत नसत. फार पूर्वी एका शेटनं त्यांच्याकडून पत्रिका छापून घेतली, आणि जागा वाचावी म्हणून लग्नस्थळ नुसतं 'शेंदूरजना' ठेवलं. आता एकट्या अमरावती जिल्ह्यात शेंदूरजना एक नाही. नवरीकडची मंडळी तिवशाकडच्या शेंदूरजनाबाजारात हार घेऊन उभी, आणि नवरदेवाचे निम्मे पाहुणे आणि नवरीचा मामा वरूडकडच्या शेंदूरजनाघाटला संत्र्याच्या बागेत ताशे वाजवत दाखल. बागवाल्याला वाटलं, व्यापारी आले. त्यानं भाव सांगायला सुरुवात केली. ही गोष्ट चाचा इतक्या वेळा सांगत, की ताशेवाल्यांची संख्या दर खेपेला वाढत असे. पण गोष्ट संपली की ते गंभीर व्हायचे. "हसून राहिली तू. त्या पोरीचा मामा पोचला नाही वं लग्नाले. मामाशिवाय उभी राहिली ते."

माझ्या पत्रकांशी त्यांचं भांडण 'विदर्भ' या शब्दावरून होई. मी 'विदर्भातला कापूस उत्पादक' असं लिहिलं की ते पेन्सिलीनं गोल करायचे. "गडचिरोलीत कापूस पायला का तू? भंडाऱ्याचा माणूस धान लावते. त्याले तुह्या पत्रकात काहून ओढून आनलं? त्याचं रडणं येगळं हाय, त्याले त्याचं रडू दे." मला राग यायचा. पत्रकाला जोर लागतो, मोठा शब्द लागतो. 'वऱ्हाडातले पाच जिल्हे' म्हटलं की घोषणा कशी बसणार? पण पुण्याहून एकदा अभ्यासकांचं एक पथक आलं, आणि माझा राग आपोआप जागा बदलून बसला. पथकाच्या कार्यक्रमात लिहिलं होतं: सकाळी मेळघाट, दुपारी यवतमाळ, संध्याकाळी नागपूरला मुक्काम. मी त्यांना चाचांकडे नेलं. चाचांनी कागद पाहिला, पुन्हा पाहिला आणि अत्यंत आदरानं विचारलं, "साहेब, हेलिकॉप्टर कुठी उतरवता?" पथकप्रमुख हसले. म्हणाले, "अहो, सगळं विदर्भातच तर आहे ना?" चाचांनी हाक मारून त्यांच्यासाठी चहा मागवला आणि आलेला सगळा चहा स्वतः प्यायले.

कोणी म्हणेल, हा वऱ्हाडचा अभिमान. तसं नव्हतं. निमाड कुठे संपतो आणि माळवा कुठे सुरू होतो, यावरही ते तितक्याच पोटतिडकीनं बोलत. मराठवाड्याचा माणूस आला की त्याचीही उलटतपासणी व्हायची. आणि हा माणूस स्वतः कुठे कुठे फिरला होता? तर फारसा कुठेच नाही. लहानपणी एकदा मामाच्या लग्नाला अमरावती, आणि कागद आणायला अधूनमधून स्टेशनरोड. सगळा भूगोल त्यांनी हातानं वाचला होता. मतदार याद्या, जिल्ह्याची गावयादी, तहसिलीचे नमुने, सगळं त्यांनी तरुणपणी शिशाच्या अक्षरांचा खिळा खिळा जुळवून छापलं होतं. कोणतं गाव कोणत्या मौज्याला, म्हणजे महसुली गावाला, लागून, हे त्यांच्या बोटांना पाठ होतं.

आता मी जे सांगणार आहे त्यात चूक माझी आहे. सरकारला बोल लावायची मला सवय आहे, तशी संधी या गोष्टीतही आहे, पण सुरुवात माझ्यापासून झाली.

अकोला आणि वाशीम जिल्ह्यांच्या सीमेवरचं एक गाव. नाव मुद्दाम लिहीत नाही. त्या वर्षी तिथे बऱ्याच जणांचं सोयाबीन उगवलंच नाही. पिशवीवर उगवणशक्तीचा मोठा आकडा आणि वावरात काळी माती, बस. अशा वेळी तालुक्याच्या कृषी कार्यालयात तक्रार करायची असते. मग तक्रार समिती येते, वावर पाहते, पंचनामा करते. अट एकच की वावर तोवर मोडायचं नाही. दुबार पेरणी केली तर पुरावा गेला. म्हणजे इकडे पाऊस झालेला, वाफसा आलेला, शेजारी पुन्हा पेरून मोकळा झालेला, आणि तक्रार करणारा माणूस रिकाम्या वावराच्या धुऱ्यावर, बांधावर, साहेबांची वाट पाहत बसलेला. बारा दिवस थांबला तर हंगाम गेला.

लोकांचा वेळ वाचावा म्हणून मी छापील अर्ज करायचं ठरवलं. नाव आणि गट नंबर तेवढा हातानं भरायचा. गाव, तालुका, जिल्हा छापूनच द्यायचा. चाचांनी मजकूर वाचला आणि तालुक्याच्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे काहून छापून राहिली?"

"त्यांचा तालुका आहे तो."

"घराचा हाय. वावराचा हाय का? बी काय चुलीपाशी पेरलं त्याईनं?"

मी म्हटलं, गाव तिथे वावर, त्यात काय? चाचांनी मान हलवली. "त्या गावाच्या दखनेकडे नाला हाय. नाल्यापलीकडे जांभळगव्हाण हाय."

"त्या नावाचं गावच नाही तिकडे."

"नाहीच. रीठ हाय ते. लोक उठून गेले, कोनाले मालूम कवा. गाव गेलं, नाव कागदावर राह्यलं. अन् ते नाव दुसऱ्या तालुक्यात हाय, दुसऱ्या जिल्ह्यात. त्या रिठात या गावच्या लोकाईचे वावरं असतीन. तू तालुका रिकामा सोड. ज्याचा त्याले सातबारा पाहून भरू दे."

मी त्या गावात चार वेळा जाऊन आले होते, सभा घेतली होती, भाकरी खाल्ली होती. आणि अकोल्याच्या पंख्याखाली बसलेला माणूस मला सांगत होता की मला ते गाव माहीत नाही. मी म्हटलं, "चाचा, तुमचं काम छापायचं. लोक तिथे खोळंबलेत."

"मी चुकीचा तालुका छापत नाही."

मी कागद ओढून घेतला. बसस्टँडसमोर कॉम्प्युटरवाल्याकडे गेले. त्यानं कसलाही प्रश्न न विचारता संध्याकाळपर्यंत अर्ज छापून दिले. मला तेव्हा वाटलं, असे लोक हवेत चळवळीला.

समिती आठव्या दिवशी आली. जीपमधून साहेब उतरले, तीन वावरं पाहिली, तीन पंचनामे केले. मी मनातल्या मनात विजयाचं पत्रक लिहायला घेतलं होतं. चौथं वावर एका काकूंचं होतं. नवरा गेल्यावर एकट्या शेती करणाऱ्या, गावात सगळ्यांशी भांडून सगळ्यांच्या मदतीला जाणाऱ्या. त्यांच्या वावराकडे जाताना नाला लागला. साहेब नाल्याशी थांबले. सातबारा मागितला, वाचला, माझा छापील अर्ज वाचला, आणि पुन्हा सातबारा वाचला.

"बाई, हे वावर आमच्या जिल्ह्यात नाही."

"कसं नाही? ते काय दिसून राहिलं समोर!"

"दिसतंय. पण नाला ओलांडला की मला अधिकार नाही. हे जांभळगव्हाण. तुम्हाला तिकडच्या तालुक्याला अर्ज करावा लागेल."

काकूंनी नाल्याकडे पाहिलं. त्यात घोट्याएवढं पाणी होतं आणि पाण्यात एक म्हैस बसली होती. "म्हंजे जिल्हा तुटला तवापासून मी रोज दुसऱ्या जिल्ह्यात जाऊन राहिली? भाकर घिऊन, पायी? अन् म्हैस कोन्या जिल्ह्यात बसली हाय, साहेब?" लोक हसले. साहेबही हसले. मी मात्र भाषण सुरू केलं. शेतकऱ्याची थट्टा, नोकरशाही, अमुक, तमुक. साहेबांनी ते सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "मॅडम, हा अर्ज कोणी छापला?"

मी तो अर्ज त्यांच्या हातून घेतला आणि घडी करून पिशवीत टाकला.

जीप गेली. काकू माझ्याजवळ आल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "आठ दिवस थांबली मी तुह्या कागदावर. आता सांग, पोरी. पेरू का थांबू?"

पेरलं तर तक्रार संपली, थांबलं तर वाफसा जाणार. माझ्या पत्रकांमध्ये जगातल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं होती, हे एक नव्हतं. शेवटी काकूंनीच काढलं. "चार तासं सोडून देऊ," त्या म्हणाल्या. वावराच्या मधोमध चार ओळी तशाच रिकाम्या ठेवायच्या, बाकीचं पेरून टाकायचं. "पावन्यासाठी ताट झाकून ठेवते नं, तसं. आले तं आले."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चाचांसमोर उभी राहिले. काय ऐकावं लागेल याची तयारी करूनच गेले होते. चाचांनी सगळं ऐकलं, मशीनचं चाक हातानं थांबवलं आणि एवढंच विचारलं, "त्या बाईच्या वावरात आता किती ओल असन?" मग मूर्तिजापुरातून किल्ली काढली, शटर ओढलं आणि म्हणाले, "चाल. तिकडच्या साहेबाले जांभळगव्हाण कुठी हाय ते कोन सांगन?"

खरंच कोणी सांगू शकलं नसतं. त्या तालुक्याचे साहेब कोकणातले, बदली होऊन आलेले. त्यांनी भिंतीवरच्या नकाशात शोधलं, शिपायाला विचारलं, क्लार्कला विचारलं. चाचांनी टेबलावरचा पेपरवेट उचलून एका जागी ठेवला, टाचणीचा डबा दुसऱ्या जागी, मधून दोरा टाकला आणि म्हणाले, "हा नाला, साहेब. अन् हे तुमचं गाव." साहेबांनी अर्ज घेतला. सहाव्या दिवशी येतो म्हणाले, आणि कोकणातला माणूस शब्दाला जागला.

त्या दिवशी चाचाही आले. गावापर्यंत एसटीनं, पुढे पायी, चप्पल हातात घेऊन. नाल्याशी ते थांबले. मला वाटलं दमले. त्यांनी या काठाला पाहिलं, त्या काठाला पाहिलं. इकडे काळी माती, तिकडे काळी माती. इकडे बाभूळ, तिकडे बाभूळ. "अथी काहीच नाही वं?" ते म्हणाले. "दगड नाही, पाटी नाही. मी तं इतके वर्षं..."  पाण्यात उतरले आणि हळूहळू पलीकडे गेले.

पलीकडे, काकूंच्या वावराच्या कडेला एक चौथरा होता. वर शेंदूर लावलेला दगड, शेजारी बुजलेली विहीर आणि तीन चिंचा. जांभळगव्हाण म्हणजे एवढंच. दगडापुढे एक पणती होती, ताजी काजळी धरलेली. "कोन लावते हे?" चाचांनी विचारलं.

"आमीच. शनवारी," काकू म्हणाल्या. "गावाचा देव हाय. गाव गेलं म्हून त्याले अंधारात ठेवा काय?"

चाचा पणतीकडे पाहत राहिले. "गावयादीत याच्यापुढे 'उजाड' छापलं हाय मी," ते माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले.

साहेब आले. वावरभर नवं सोयाबीन दोन बोटं वर आलं होतं आणि मधोमध चार रिकाम्या ओळी. साहेबांनी उकरून पाहिलं, कुजलेलं बी हातावर घेतलं, पिशवीवरचा लॉट नंबर उतरवला. सगळं लिहून झालं आणि ते म्हणाले, "दोन पंच द्या. एक तरी याच मौज्यातला हवा."

काकूंचा शेजारी पुढे झाला. पण तो नाल्याअलीकडचा, परजिल्ह्यातला. मौज्यात राहणारं कोणी नव्हतंच. चिंचा सोडल्या तर. साहेब घड्याळ पाहू लागले. म्हणाले, नियम आहे, माझा नाइलाज आहे, पुढच्या वेळी माणूस शोधून ठेवा. काकूंनी पदर डोक्यावर ओढून घेतला. पुढच्या वेळेपर्यंत त्या चार ओळींत गवताशिवाय काही राहणार नव्हतं.

"मी हाय," चाचा म्हणाले.

साहेबांनी चमकून पाहिलं. "तुम्ही? राहणार कुठले?"

चाचांनी पेन मागून घेतलं. चष्मा नीट केला. माझ्या अर्जातल्या एका तालुक्यासाठी मला दुकानातून जाऊ देणारा हा माणूस धुऱ्यावर उकिडवा बसला आणि मांडीवरच्या कागदावर, छापल्यासारख्या अक्षरात स्वतःचं नाव लिहून त्याखाली त्यानं लिहिलं: राहणार जांभळगव्हाण. तालुका लिहिला, जिल्हा लिहिला. दोन्ही बरोबर होते. साहेबांनी कागदाकडे पाहिलं, चाचांच्या ओल्या पायांकडे पाहिलं, चिंचांकडे पाहिलं, आणि शिक्का मारला.

बदली बियाण्याची पिशवी काकूंना मिळाली. ती आली तेव्हा सोयाबीन फुलावर होतं. ती चार तासं पुढे तुरीनं भरली. मी यावर पत्रक लिहायला हवं होतं, पण लिहिलं नाही. काय घोषणा देणार?

परतीच्या एसटीत चाचा खिडकीशी बसले. चप्पल अजून हातातच होती. कंडक्टर आला, तिकिटाची पेटी उघडून म्हणाला, "कुठून बसले, चाचा?"

"जांभळगव्हाण."

"असा थांबा नाही आपल्या रूटवर."

"नसन," चाचा म्हणाले. "पन मी तथूनच बसलो."

कंडक्टरनं माझ्याकडे पाहिलं. मी बाहेर पाहू लागले. त्यानं दोन तिकिटं फाडून दिली, वाद घातला नाही. अकोला येईपर्यंत चाचांनी एकाही प्रवाशाला त्याचा तालुका विचारला नाही.